बाबू हरदास आणि कामठीची तरुण मंडळे

आज कोणत्याही वस्तीत गेले तर दोन बौद्ध माणसे भेटताच जो शब्द तोंडून निघतो, त्या 'जयभीम'शी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे ते बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन. यांची ओळख आपल्या तरुणांना बहुधा तेवढीच आहे. हे नाव आणि हा अभिवादनाचा शब्द, पुढे काही नाही. परंतु अवघ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यात या माणसाने तरुणांची किती तऱ्हांची मंडळे उभी केली, हे पाहिले म्हणजे तो शब्द खेड्यापाड्यांत कसा पोहोचला असेल याचा उलगडा होतो.

६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत त्यांचा जन्म झाला. नागपूरजवळ कन्हान नदीकाठी वसलेली ही कामठी म्हणजे इंग्रजांनी १८२१ साली वसविलेली लष्करी छावणी. छावणी, रेल्वे, गिरण्या आणि बिडी यांमुळे आपल्या लोकांना येथे गावकीबाहेरची भाकर मिळू लागली होती. हरदासांचे वडील लक्ष्मणराव रेल्वेत कारकून होते. महारवाड्यातल्या मुलाच्या बापाच्या हाती त्या काळी लेखणी असणे ही गोष्टच निराळी! नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून हरदास मॅट्रिक झाले, आणि आर्यसमाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे संस्कृतही शिकले. ज्या भाषेतील शब्द कानी पडला तर आपल्या पूर्वजांना शिक्षा सांगितली होती, तीच भाषा त्यांनी वाचून समजून घेतली.

१९२१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी नागपुरातून 'महारठ्ठा' नावाचे साप्ताहिक काढले. सतरा वर्षांचा मुलगा! आमच्या शाळेत या वयाची मुले अर्ज लिहावयास सांगितला तर शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. लगेच पुढे, १९२२ च्या सुमारास, त्यांनी महार समाज ही संघटना आणि तिच्या जोडीला 'महार समाज पथक' उभारले. विखुरलेल्या तरुणांना एका शिस्तीत आणायचे आणि आपल्या माणसांवर कोठे जुलूम झाला तर धावून जायचे, हे या पथकाचे काम. स्त्रियांसाठी त्यांनी महिला आश्रम काढला आणि तेथे रोजच्या जीवनाचे शिक्षण देण्याची सोय केली. पथकात तरुण आणि आश्रमात त्यांच्या आयाबहिणी, अशी ही जोडी होती. आजची मंडळे बहुधा हा दुसरा भाग विसरतात.

यापुढचे काम मला, एक शिक्षक म्हणून, सर्वांत मोठे वाटते. १९२७ साली कामठीत त्यांनी रात्रशाळा सुरू केल्या. दिवसभर बिड्या वळणारी, ओझी वाहणारी पोरे दिवसाच्या शाळेत येणार नाहीत. तेव्हा शाळेनेच त्यांच्या वेळेला आले पाहिजे, हा त्यातला साधा हिशेब. या रात्रशाळांत एके काळी ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. २२ हा आकडा लहान दिसतो खरा. पण त्या काळी अंधार पडल्यावर मुलीला शिकावयास पाठविणे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी भांडण आलेच. ज्या घरात पहिला पदवीधर माझ्याच पिढीत झाला, अशा घरातून मी आलो आहे. पहिले अक्षर घरात येताना किती अडचणी येतात हे मला कोणी सांगावयास नको. रात्रशाळेच्या जोडीला कामठीतच संत चोखामेळा वाचनालय निघाले. अक्षरओळख झालेल्याच्या हाती पुढे काही वाचावयास दिले नाही तर तो ती ओळख विसरतो, म्हणून शाळेला वाचनालय जोडलेलेच हवे.

बिडी कामगारांचा प्रश्न पोटाचा होता. पाने व तंबाखू ठेकेदार देई, मोजणीही तोच करी, आणि वळलेल्या बिड्यांतून कोणत्या खराब म्हणून बाजूला काढायच्या हेही तोच ठरवी. तेव्हा केवळ मजुरी वाढवून मागण्यापेक्षा काम सहकारी तत्त्वावर करावे आणि मधला ठेकेदारच काढून टाकावा, असा प्रयत्न हरदासांनी केला. रिकाम्या पोटी पथकात कोण येणार?

आणखी एक भिंत घरातलीच होती. बावणे, लाडवण, सोमवंशी, कोसरे अशा पोटजातींत आपलेच लोक एकमेकांच्या पंक्तीला बसत नसत. हरदास दरवर्षी चोखामेळ्याच्या पुण्यतिथीला सर्व पोटजातींचे सहभोजन घडवीत. १९२४ साली त्यांनी 'मंडळ महात्म्य' हे पुस्तक लिहून फुकट वाटले. ते वाचून देवादिकांच्या नाटकांकडे लोकांनी पाठ फिरविली. १९२७ मध्ये किसन फागूजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली रामटेकला सभा भरली, तेव्हा तेथील मंदिराची पूजा आणि अंबाड्याच्या घाण पाण्यातील स्नान सोडा, असे त्यांनी लोकांना बजावले. तरीही १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी आपली तुकडी तेथे धाडली. काहींना यात विसंगती दिसते, मला दिसत नाही. देव नको म्हणणे हा स्वतःचा निर्णय, आणि दारात अडविले जाणे हा दुसऱ्याने केलेला अपमान.

बाबासाहेबांची त्यांची भेट १९२८ साली मुंबईत झाली. ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेली अखिल भारतीय परिषद आणि मे १९३२ मधील कामठीची परिषद या दोन्हींमागे हरदासांचे परिश्रम होते. अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी कोण, हा वाद गोलमेज परिषदेच्या वेळी पेटला असता बाबासाहेबच आमचे नेते, अशी तार त्यांनी थेट ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना केली.

'जयभीम'चा उगम असा सांगितला जातो. जोहार म्हणताना मान खाली जाई, आणि रामराम हा दुसऱ्याच्या देवाचा. मुसलमान बांधव मात्र एकमेकांना सलाम करतात आणि उत्तरही देतात. मग आपलेही काही असावे, म्हणून 'जयभीम' आणि उत्तरादाखल 'बलभीम' असे ठरले. पुढे उत्तरही 'जयभीम'च झाले. हा शब्द 'भीम विजय संघा'च्या कार्यकर्त्यांनी पसरविला. शब्द कितीही चांगला असो, तो रोज दारोदारी म्हणणारी तरुण पोरे हाताशी नसती तर कामठीतच विरून गेला असता.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठी मतदारसंघातून ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले, आणि १९३८ मध्ये पक्षाच्या प्रांतिक शाखेचे अध्यक्ष झाले. पण तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तीस वर्षे पूर्ण होऊन सहाच दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. येवल्याची घोषणा त्यांनी ऐकली होती. दीक्षाभूमीचा सोहळा मात्र त्यांना पाहावयास मिळाला नाही. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे आणि जानेवारीत तेथे मेळावा भरतो.