शंकर वासुदेव किर्लोस्कर

शंकर वासुदेव किर्लोस्कर (८ ऑक्टोबर १८९१ – १ जानेवारी १९७५) हे मराठी संपादक, व्यंगचित्रकार व लेखक होते. 'शंवाकि' या आद्याक्षरी नावाने ते महाराष्ट्राला परिचित होते. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांचे ते संस्थापक होत. मराठीतील आरंभीच्या व्यंगचित्रकारांत त्यांची गणना होते.

जीवन
शंकररावांचा जन्म सोलापूर येथे झाला. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे काका. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी लाहोर येथे पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या चित्रशाळेत, तसेच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घेतले. सातवळेकर पुढे सातारा जिल्ह्यातील औंध येथे स्थायिक झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभारली. हीच किर्लोस्करवाडी. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ती दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. १९६० मध्ये या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. चित्रकार म्हणून घडलेले शंकरराव येथे कारखान्याच्या कामात दाखल झाले आणि जाहिरातीची बाजू पाहू लागले.

संपादनकार्य
लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. यंत्र विकण्यापूर्वी समजूत बदलणे भाग होते. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकररावांच्या हाती या माहितीपत्राचे रूपांतर उद्योग, विज्ञान, साहित्य व समाजसुधारणा यांना वाहिलेल्या मासिकात झाले. पुढे त्याचे नाव 'किर्लोस्कर' असे झाले. वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातून प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' ही मासिके सुरू झाली. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या एका औद्योगिक वसाहतीतून निघणारी ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत वाचली जाऊ लागली.

व्यंगचित्रे
अंधश्रद्धा, निरर्थक रूढी, जातिभेद, बुवाबाजी व सामाजिक ढोंग हे त्यांच्या व्यंगचित्रांचे विषय होते. टाकाने काढलेल्या मोजक्या रेषांतून ते विसंगती उघडी करीत. केवळ हसविणे हा त्यांचा हेतू नव्हता; गंभीर लेख वाचण्यास जो वाचक राजी नसे, त्याच्यापर्यंतही सुधारणेचा विचार चित्रातून पोहोचत असे. श्रद्धाविषयांवरील या टीकेमुळे सनातनी वर्गाचा रोष ओढवला, तरी त्यांनी भूमिका सोडली नाही. त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह 'टाकांच्या फेकी' या नावाने प्रसिद्ध आहे.

लेखन
लक्ष्मणरावांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' आणि आत्मचरित्र 'शंवाकीय' ही त्यांची उल्लेखनीय पुस्तके होत.

महत्त्व
व्यापारी जाहिरातीसाठी निघालेले पत्र लोकशिक्षणाचे साधन होऊ शकते, हे शंकररावांनी दाखवून दिले. मराठी नियतकालिकांत व्यंगचित्राला सामाजिक टीकेचे स्वतंत्र माध्यम म्हणून स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.