श्रीचक्रधरांचे उत्तरापंथगमन आणि मागे राहिलेले शिष्य

महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी यांच्या चरित्राचा शेवट हा मराठी वाङ्मयेतिहासातील एक नाजूक प्रश्न होय. पंथीयांच्या श्रद्धेनुसार स्वामींना मृत्यू आलाच नाही. ते उत्तरापंथे निघून गेले व तिकडेच विद्यमान आहेत. जो गेला पण मेला नाही, तो पुन्हा दृष्टीस पडेल ही आशा अशा श्रद्धेतून सहजच उपजते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही श्रद्धा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, आणि तिची उपेक्षा करूनही त्याचे काम भागत नाही.

स्वामींच्या चरित्राचा आरंभही मृत्यूवर मात करूनच होतो. भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचा पुत्र हरिपाळदेव निधन पावला असता, द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी आपला देह ठेवून त्या मृत देहात प्रवेश केला, असे पंथ मानतो. पुढे हा राजपुत्रासारखा वाढलेला, संसारी, द्यूताचा नाद असलेला पुरुष रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला आणि वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे त्याला गोविंदप्रभूंचे दर्शन घडले. त्यानंतरच्या एकाकी भ्रमणाचा वृत्तान्त ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागात आला आहे. पैठण येथे बाइसांची भेट झाल्यावर ‘पूर्वार्ध’ सुरू होतो, आणि एकट्या अवधूताभोवती हळूहळू शिष्यपरिवार जमू लागतो.

या परिवारात विद्वान ब्राह्मण होते, तशाच स्त्रियाही होत्या. महदाइसेसारखी प्रश्न विचारून न थकणारी शिष्या त्यांत होती. स्वामींनी जातिभेद आणि विटाळाच्या कल्पना मानल्या नाहीत, देवतांची उपासना गौण ठरवून एका परमेश्वराची अनन्यभक्ती सांगितली, आणि हे सर्व मराठीत सांगितले. असा उपदेश प्रस्थापितांना रुचणे शक्य नव्हते. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री आणि पैठणची विद्वन्मंडळी यांचा विरोध पंथाच्या ग्रंथांत स्पष्टपणे नोंदलेला आहे.

शेवटाची घटना शके ११९४ किंवा शके ११९६, म्हणजे इ. स. १२७२ किंवा १२७४ मधील मानली जाते. काही परंपरांत शिरच्छेदाचा वृत्तान्त येतो. मात्र त्यानंतरही स्वामी उठून उत्तरेकडे गेले, असे तेथेच सांगितले जाते. या विषयीचा सारा पुरावा पंथाच्या आतला आहे. शिवाय महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी गोविंदप्रभू हेही परमेश्वराचे अवतारच. परंतु १२८७ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे झालेले त्यांचे देहावसान परंपरेने सरळपणे मान्य केले. तेव्हा अवताराला मरण नसते एवढ्या सिद्धान्ताने चक्रधरांपुरता अपवाद उलगडत नाही. त्यांचा अंत हिंसेने झाला असावा आणि शिष्यांच्या मनाला तो सोसवला नसावा, ही शंका म्हणूनच निराधार ठरत नाही. ती सिद्ध झाली असे मात्र कोणी म्हणू नये.

खरा विचार करण्याजोगा भाग यापुढचा आहे. स्वामी उत्तरेस आहेत अशी दृढ श्रद्धा असलेले शिष्य त्यांच्या शोधार्थ उत्तरेकडे निघाले नाहीत. महाराष्ट्रातच राहावे, ही स्वामींची आज्ञा त्यांनी प्रमाण मानली. नागदेवाचार्य विरहाने व्याकुळ झाले; तरीही ते ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले, आणि त्यांच्या निधनानंतर पंथाची धुरा त्यांनीच वाहिली. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात या काळाचे चित्र उमटले आहे. पंथाने या अवस्थेला ‘असन्निधान’ असे नाव दिले. परमेश्वर आहे, पण जवळ नाही. त्याला बोलावून आणणे आपल्या हाती नाही. त्याचे स्मरण तेवढे आपल्या हाती आहे. परत येण्याच्या आशेला या शब्दाने नाकारले नाही, परंतु तिच्यावर आचारधर्मही उभारला नाही.

स्मरणाचा हा धर्म म्हाइंभटांनी ग्रंथरूपास आणला. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात या सराळेकर पंडिताने स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली. एकाच प्रसंगाविषयी निरनिराळ्या व्यक्तींच्या आठवणी भिन्न निघाल्या, तेव्हा त्यांतील भेद राखून ठेवण्याची शिस्तही या परंपरेत रुजली. मराठीतील आद्य गद्यचरित्र असे जन्मास आले. केसोबासांनी स्वामींची वचने आणि दृष्टान्त वेगळे काढून त्यांची रचना केली. संस्कृत जाणणारे शिष्य असूनही नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह सोडला नाही. स्वामींनी जी भाषा वापरली तिच्यापासून दूर जाणे म्हणजे सामान्य स्त्रीपुरुषांना त्यांच्यापासून तोडणे, अशी त्यांची धारणा होती. स्वामी लवकरच परततील अशी खात्री असती, तर इतक्या निगुतीने स्मृती जतन करण्याची निकड कोणाला वाटली असती? निदान म्हाइंभटांच्या खटाटोपातून अनुपस्थितीची जाणीवच अधिक प्रकर्षाने प्रकट होते.

पुढे हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी केलेला ‘स्मृतिस्थळा’चा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये निघाला.

स्वामींचे पुढे काय झाले हे इतिहासाला निश्चित सांगता येत नाही. त्यांचा पंथ मात्र उत्तरेस निश्चित गेला. पंजाबात तो ‘जयकृष्णी’ या नावाने रुजला आणि तेथील मठांतून मराठी पोथ्या वाचल्या व जपल्या गेल्या. ज्या दिशेने स्वामी निघून गेल्याचे सांगितले जाते, त्या दिशेस काही शतकांनी त्यांची भाषा पोहोचली. ती नेणारे लोक वाट पाहत बसलेल्यांचे नव्हे, तर लिहून ठेवणाऱ्यांचे वारस होते.