मुंबई इलाख्यात नोकरी केलेला एक गोरा मास्तर आजही आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवतोय

रेन अँड मार्टिन हा एकच माणूस आहे, असं दहावीपर्यंत समजणारे लोक तुमच्याही ओळखीत असतील. ज्यांना दोन माणसं आहेत हे माहीत असतं, त्यांनाही बाकी काही माहीत नसतं. इंग्रजी कच्चं आहे म्हटलं की कोणीतरी काका सांगतात, रेन अँड मार्टिन घे. आपण घेतो. पहिली चाळीस पानं पेन्सिलने खुणा केलेली, पुढची कोरी.

तर यातला रेन कोण होता?

पर्सी रेन. जन्म १ नोव्हेंबर १८७५, लंडनच्या आग्नेयेकडच्या डेप्टफर्डमध्ये. वडील शाळामास्तर. पुढे त्याने नाव भारदस्त करून घेतलं, पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. ऑक्सफर्डला इतिहास शिकला, पण पदवी मिळाली तिसऱ्या वर्गाची. त्या मार्कांवर इंग्लंडमध्ये फार काही होणार नव्हतं. १९०३ मध्ये तो इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये भरती होऊन इकडे आला.

पहिली मोठी जबाबदारी कराचीच्या हायस्कूलची. कराची वाचून दचकू नका. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कराचीचा हेडमास्तर आणि पुण्याचा हेडमास्तर एकाच खात्याचे नोकर. पुढे रेन शिक्षणखात्यात अधिकारी झाला आणि शाळा बघत फिरू लागला.

त्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवायची पद्धत एकच होती. आधी नियम पाठ करायचा, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं, मग इंग्रजीचं मराठी. आपल्या पणजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर असंच इंग्रजी गिरवलं. पोरगं मॅट्रिक व्हायचं, पण समोर साहेब आला की तोंडातून वाक्य निघायचं नाही.

त्या काळात युरोपात एका वेगळ्या पद्धतीची हवा होती, डायरेक्ट मेथड. भाषांतर बंद, आधी बोलणं, मग वाचणं, व्याकरण सगळ्यात शेवटी. लहान मूल आईकडून भाषा उचलतं तसं. रेन या पद्धतीचा माणूस होता. १९११ च्या सुमारास त्याने हिंदुस्थानातल्या शाळांमध्ये इंग्रजी 'डायरेक्ट' कसं शिकवावं यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधी शिक्षकांसाठी एक मार्गदर्शकही लिहिलं होतं.

म्हणजे ज्याच्या नावाने आपण नियम घोकतो, तो माणूस घोकंपट्टीच्या विरोधात होता. आता हे एकदा कळल्यावर ते पुस्तक पूर्वीसारखं दिसत नाही.

त्याच्या आयुष्यातला पुढचा काळ वाईट गेला. १९१० मध्ये लहान मुलगी गेली. १९१४ मध्ये बायको ॲलिस पुण्यात वारली. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि रेन १०१ ग्रेनेडियर्स या हिंदी पलटणीसोबत पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला. तब्येत ढासळली, १९१५ मध्ये सैन्य सोडावं लागलं. १९१७ मध्ये शिक्षणखात्याचाही राजीनामा दिला.

यानंतर तो कादंबरीकार म्हणून गाजला. १९२४ मध्ये 'बो जेस्ट' आली, वाळवंटात लढणाऱ्या फ्रेंच फॉरिन लीजनची गोष्ट. दोनच वर्षांत त्यावर सिनेमा निघाला, १९३९ मध्ये गॅरी कूपरला घेऊन पुन्हा निघाला. आपण स्वतः लीजनमध्ये होतो असं रेन सूचित करायचा. त्याचा पुरावा आजवर कोणाला सापडलेला नाही.

आणि आपलं ते जाडजूड पुस्तक? ते १९३० च्या दशकातलं. एच. मार्टिन हे ऑक्सफर्डचे एम. ए. जोडीला होते आणि पुस्तक मुंबईच्या के अँड जे कूपर या प्रकाशनाने काढलं. रेन तेव्हा इंग्लंडमध्ये होता. असं सांगतात की हे पुस्तक मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होतं. ज्या पोरांच्या घरात इंग्रजी बोललं जायचं, त्यांना फक्त ते नीटनेटकं करून हवं होतं. बोलणं घरी, नियम पुस्तकात. आपल्याकडे मात्र पुस्तक आलं, घरातलं बोलणं आलं नाही.

आता त्या इंग्रजीकडे बघू. 'शॅल' आणि 'विल' घ्या. जुना नियम असा की साधा भविष्यकाळ असेल तर 'आय शॅल' पण 'यू विल'. निर्धार किंवा हुकूम असेल तर उलट, 'आय विल' आणि 'यू शॅल'. यावर किती पोरांनी छड्या खाल्ल्या असतील! गंमत म्हणजे फाउलर बंधूंनी १९०६ मध्येच 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात कबूल केलं होतं की हा फरक दक्षिण इंग्लंडमध्ये जन्मलेल्यालाच जमतो, इतरांना शिकून येणं कठीण. खुद्द इंग्लंडच्या एका भागापुरती असलेली ही लकब कराचीपासून धारवाडपर्यंतच्या मुलांच्या पेपरात आली आणि तिला मार्क मिळू लागले. आज तिथेही लोक सरसकट 'विल' म्हणतात. 'शॅल' उरलाय तो कायद्याच्या भाषेत आणि 'शॅल वी' सारख्या प्रश्नांत.

किंवा लिंग बदला. ऑथरचं ऑथरेस, पोएटचं पोएटेस, बॅचलरचं स्पिन्स्टर. यातला शेवटचा शब्द मूळचा सूत कातणाऱ्या बाईचा, नंतर अविवाहित बाईचा सरकारी शब्द झाला, आणि मग टोमणा. ब्रिटनने २००५ मध्ये तो लग्नाच्या नोंदीतून काढून टाकला, आता बाई असो की पुरुष, नोंद 'सिंगल' अशीच होते. आपल्याकडच्या गाईडांमध्ये मात्र ती जोडी अजून नांदते आहे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चा दोष मात्र एकट्या रेनवर टाकू नका. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्येच उच्चभ्रूंच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करताना हा वाक्प्रचार त्यात घेतला होता. जुलैमध्ये पाम बीच रोडवर गुडघाभर पाणी साचलं की आमच्या सारसोळ्यातली शाळकरी पोरं निबंधात तोच लिहितात.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. सारसोळ्यातलाच माझ्या ओळखीचा एक मुलगा, मराठी माध्यमाचा, घरी मासेमारीचा धंदा. त्याने एका कंपनीला नोकरीसाठी मेल केला. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर', शेवट 'युवर्स ओबीडियंटली', मध्ये एकही चूक नाही. शाळेत पत्रलेखनाला याच नमुन्यावर त्याला पूर्ण मार्क मिळाले होते. त्या ऑफिसात मेलचा स्क्रीनशॉट फिरला, हसण्यासाठी. बोलावणं आलं नाही. चुकीचं इंग्रजी लिहिणाऱ्याला निदान कुठे चुकलं ते सांगता येतं. या पोराला काय सांगायचं? तू बरोबर लिहिलंस, पण ते इंग्रजी ज्यांच्याशी बोलायचं होतं ते साहेब १९४७ मध्येच बोटीत बसून गेले?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण बोलणारं माणूस समोर नसेल तर मूल पुस्तकावरच विसंबणार. माझं मत विचाराल तर रेन अँड मार्टिनमधलं वाक्यांचं पृथक्करण आजही चोख आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी जरूर वाचावं. पत्रांचे नमुने, वाक्प्रचार आणि लिंगाच्या जोड्या मात्र जुन्या आल्बमसारख्या बघाव्यात.

पुस्तक अगदीच गोठलेलं राहिलं असंही नाही. पुढच्या काळात एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी त्यावर हात फिरवला, 'विल'ला जागा मिळाली, पत्रं बदलली. पण जुन्या प्रती घराघरांत, अभ्यासिकांत आहेतच आणि क्लासच्या नोट्स त्यांवरूनच उतरतात.

रेन २२ नोव्हेंबर १९४१ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये वारला. तिकडे त्याची आठवण निघालीच तर 'बो जेस्ट'साठी निघते. डायरेक्ट पद्धतीवरचं त्याचं पुस्तक आपल्याकडच्या शिक्षकांनाही माहीत नसतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन रेन अँड मार्टिन मागा, दुकानदार एवढंच विचारतो, नवी आवृत्ती की जुनी? जुनी स्वस्त पडते.