अब्राहाम लिंकन व त्याची विनोदबुद्धि

थोर पुरुषांच्या तसबिरी बहुधा गंभीर असतात. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या त्या तसबिरींकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं, या मंडळींच्या ओठांवर कधीं हसूं उमटलेंच नसावें. अब्राहाम लिंकनची तसबीर तर त्या सर्वांत उदास. खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, कपाळावर आठ्या. परंतु ज्यांनीं त्याला प्रत्यक्ष पाहिलें, त्यांच्या आठवणींत तो राहिला तो गोष्टी सांगून सारी बैठक हसवून सोडणारा माणूस म्हणून. विनोद हें करमणुकीचें साधन आहे हें आपण सर्वच जाणतों. पण तें कामकाजाचेंही साधन होऊं शकतें, आणि हातीं नीट न धरल्यास धारेच्या शस्त्राप्रमाणें दुसऱ्याला व आपल्यालाही कापतें, हा धडा लिंकनच्या चरित्राइतका स्पष्ट आम्हांस दुसरीकडे आढळला नाहीं. म्हणून तें चरित्र या एका दृष्टीनें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आम्ही ठेवीत आहों.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत, लांकडी ओंडक्यांच्या एका झोपडींत झाला. १८१६ सालीं वडिलांनीं बिऱ्हाड इंडियाना संस्थानाच्या रानांत हलविलें. १८१८ सालीं आई वारली. पुढच्याच वर्षीं सावत्र आई घरीं आली. तिनें मात्र या पोरक्या मुलाला पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें व त्याच्या वाचनाच्या नादाला उत्तेजन दिलें. शाळेचे सगळे दिवस एकत्र केले तरी त्याचें शिक्षण एक वर्षाचेंही भरलें नाहीं. बाकीची विद्या त्यानें बायबल, इसापनीति, रॉबिन्सन क्रूसोचें चरित्र अशा पुस्तकांतून मिळविली.

वडील टॉमस यांची अक्षरओळख बेताचीच. पण गोष्ट सांगण्यांत त्यांचा हातखंडा असे. रात्रीं शेजारीपाजारी जमत, गप्पा रंगत आणि लहानगा अब्राहाम त्या कान देऊन ऐके. मोठ्या माणसांचें एखादें बोलणें कळलें नाहीं, तर त्याला झोप येत नसे. तें आपल्या बरोबरीच्या मुलांना कळेल अशा साध्या शब्दांत मांडतां आलें, म्हणजेच त्याचें समाधान होई. तसेंच झाडाच्या खोडावर उभा राहून उपदेशकांच्या व्याख्यानांची तो हुबेहूब नक्कल करी. सोपें करून सांगण्याची हौस व नक्कल करण्याची हौस, या दोन देणग्या त्याला बालपणींच लाभल्या. पहिलीनें त्याला मोठें केलें. दुसरीनें एकदोनदां मोठ्या संकटांत लोटलें.

१८३१ सालीं तो इलिनॉय संस्थानांतील न्यू सालेम या खेड्यांत येऊन राहिला. तेथें त्यानें भागींत दुकान घातलें. तें बुडालें व डोक्यावर कर्ज झालें. मग पोस्टमास्तरचें काम केलें, जमिनीची मोजणी केली. १८३४ सालीं लोकांनीं त्याला संस्थानच्या कायदेमंडळांत निवडून दिलें. घरींच अभ्यास करून १८३६ सालीं त्यानें वकिलीची सनद मिळविली व पुढल्या वर्षीं स्प्रिंगफील्ड येथें तो वकिली करूं लागला.

तरुण वकिलाची जीभ मोठी तिखट होती. १८४० सालीं निवडणुकीच्या धामधुमींत जेसी टॉमस नांवाच्या प्रतिपक्षाच्या वक्त्यानें त्याच्यावर टीका केली. लिंकन व्यासपीठावर चढला आणि टॉमसची चाल, त्याचा आवाज, त्याचे हातवारे यांची त्यानें अशी कांहीं नक्कल केली कीं सभा हसून हसून लोटपोट झाली. टॉमस मात्र डोळ्यांत पाणी आणून सभेंतून निघून गेला. त्याची ती स्थिति कळतांच लिंकन शरमला व टॉमसला गांठून त्यानें त्याची क्षमा मागितली.

एवढ्यानें खोड मोडली असती तर बरें झालें असतें. १८४२ सालीं जेम्स शील्ड्स या संस्थानच्या हिशेब-अधिकाऱ्याची टर उडविणारें एक पत्र लिंकननें एका खेडवळ बाईच्या नांवानें वर्तमानपत्रांत छापविलें. त्याची भावी पत्नी मेरी टॉड व तिची मैत्रीण यांनीं त्यांत आणखी भर घातली. संतापलेल्या शील्ड्सनें लेखकाचें नांव मागितलें. लिंकननें सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घेतली; तेव्हां शील्ड्सनें त्याला द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. शस्त्र निवडण्याचा हक्क लिंकनचा होता. त्यानें घोडेस्वारांच्या रुंद पात्याच्या तलवारी निवडल्या. कारण त्याची उंची ६ फूट ४ इंच, व हातही तसेच लांब. २२ सप्टेंबर १८४२ रोजीं मिसिसिपी नदींतील एका बेटावर दोघेही शस्त्रांनिशीं हजर झाले. सुदैवानें मित्र मध्यें पडले, समेट झाला व रक्त सांडलें नाहीं. परंतु एका थट्टेपायीं दोन कर्त्या माणसांचे प्राण जाण्याची वेळ आली होती. पुढें सारा जन्म लिंकन या प्रसंगाचा उल्लेखही टाळीत असे. याच शील्ड्सला १८६१ सालीं राष्ट्राध्यक्ष या नात्यानें त्यानें सैन्यांत ब्रिगेडियर जनरलची जागा दिली, यावरून त्याचें मन किती निवळलें होतें तें दिसून येईल.

यानंतर त्याच्या विनोदाचा रोख पालटला. त्या काळीं न्यायाधीश गांवोगांव फिरून कोर्ट भरवीत आणि वकील त्यांच्यामागोमाग जात. वर्षांतून दोनदां लिंकन घोड्यावरून किंवा बग्गींतून, चिखल तुडवीत ही फेरी करी. उताराच्या जागीं एका खाटेवर दोघे दोघे वकील निजत. रात्रीं शेकोटीपुढें लिंकनच्या गोष्टी सुरू झाल्या म्हणजे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस हेही त्यांत रंगून जात. दिवसां ज्यूरींत बसणारे लोक बहुधा शेतकरी. कायद्याचीं कलमें त्यांच्या डोक्यावरून जात. पण शेतांतली एखादी गोष्ट लागलीच मनांत उतरे.

मारामारीच्या एका खटल्याची हकीकत अशी सांगतात. ज्यानें आधीं हात उगारला त्यालाच अधिक मार बसला होता, व तोच फिर्यादी झाला होता. स्वसंरक्षणाचें तत्त्व समजावून देण्यासाठीं लिंकननें ज्यूरीला एक गोष्ट सांगितली. एक माणूस गवत उचलण्याची लांब दांड्याची कांटेरी आंकडी खांद्यावर टाकून चालला असतां एक कुत्रें त्याच्या अंगावर धांवून आलें. त्यानें तें कांट्यांनीं भोंसकलें. कुत्र्याचा धनी भांडूं लागला कीं, दुसऱ्या टोकानें, नुसत्या दांड्यानें, कां नाहीं मारलें? त्यावर त्या माणसानें विचारलें कीं, तुमचें कुत्रें तरी माझ्यावर दुसऱ्या टोकानें कां नाहीं आलें? ज्यूरी हसली, आणि हसतां हसतां तिला कायदा कळला.

आतां त्याला कोणाची थट्टा करावीशी वाटली, तर ती बहुधा स्वतःची असे. आपल्या रूपावर तो एक गोष्ट रंगवून सांगे. आगगाडींत एका अनोळखी गृहस्थानें त्याच्या हातीं एक चाकू ठेवला. आपल्याहून कुरूप माणूस भेटेल तोंवर हा चाकू जवळ बाळगावा अशा अटीवर तो आपणांस मिळाला होता, व त्याचा खरा धनी आज सांपडला, असें त्या गृहस्थाचें म्हणणें! जो आपणहून स्वतःला हसतो, त्याला इतरांनीं हसून काय साधावें?

परंतु विनोदाला जागा नाहीं अशी वेळही तो ओळखीत असे. एका वृद्ध सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनपैकीं अर्धी रक्कम दलालानें गिळली होती. त्या खटल्यांत लिंकननें एकही थट्टा केली नाहीं. त्याच्या भाषणानें ज्यूरीच्या डोळ्यांना पाणी आणलें.

१८५८ सालीं सिनेटच्या निवडणुकींत डग्लस या नामांकित वक्त्याशीं त्याचे सात जाहीर वाद झाले. प्रत्येक प्रदेशांतील लोकांनीं गुलामगिरी ठेवावी कीं नाहीं तें आपलें आपण ठरवावें, असें डग्लसचें मत. सुप्रीम कोर्टाच्या १८५७ सालच्या निकालानंतर या मतांत कांहीं दमच उरला नव्हता. हें सांगण्यास लिंकनला लांबलचक युक्तिवाद करावा लागला नाहीं. उपासमारीनें मेलेल्या कबुतराची सांवली उकळून केलेल्या कढणाची उपमा त्यानें त्या मताला दिली. येथें हसें झालें तें मताचें, माणसाच्या चालीचें किंवा आवाजाचें नव्हे. टॉमसच्या वेळचा लिंकन व हा लिंकन यांतील अंतर विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. ती निवडणूक तो हरला, पण त्याचें नांव देशभर झालें. १८६० सालीं तो राष्ट्राध्यक्ष निवडून आला.

१८६१ च्या एप्रिलांत यादवी युद्ध पेटलें. त्यांत सहा लाखांवर सैनिक दगावले. १८६२ च्या फेब्रुवारींत लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापानें गेला. अशा काळांत विनोद हा त्याला श्वासासारखा झाला. त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं, म्हणजे त्या द्वंद्वयुद्धाच्या दिवसापासून बरोबर वीस वर्षांनीं, त्यानें मंत्रिमंडळ बोलाविलें. आरंभीं त्यानें आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकाचें एक प्रकरण मोठ्यानें वाचून दाखविलें. मंत्री चेस यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे कीं इतरांना मौज वाटली, युद्धमंत्री स्टँटन याला मात्र वाटली नाहीं. मग पुस्तक मिटून, गंभीर होऊन, लिंकननें दुसरा कागद काढला. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त होतील, असा तो जाहीरनामा होता. गुलामगिरी नाहींशी करण्याच्या या अमेरिकन प्रयत्नांचा आदर म्हणून, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील लोकांस अर्पण केला, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक असेलच.

विनोदाची किंमतही त्याला द्यावी लागली. अँटिएटमच्या लढाईनंतर तो छावणी पाहण्यास गेला असतां, त्याचें खिन्न मन रमविण्यासाठीं एका मित्रानें वाटेंत एक हलकें गाणें म्हटलें. १८६४ च्या निवडणुकींत विरोधी पत्रांनीं याचा बोभाटा केला कीं राष्ट्राध्यक्ष प्रेतांच्या राशींत गाणीं ऐकतो. खरें पाहतां तें रणांगण नव्हतें, व लढाई होऊन दिवसही लोटले होते. लिंकननें खुलासा लिहिला, पण प्रसिद्ध केला नाहीं. त्याच वर्षीं त्याची पुन्हां निवड करावी असें म्हणणाऱ्या मंडळींपुढें त्यानें एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचें मत ठेवलें कीं, नदी ओलांडतांना मध्येंच घोडे बदलणें शहाणपणाचें नाहीं. युद्धकाळांत नायक कां बदलूं नये, हें या एका चित्रानें देशाला कळलें. याच लिंकननें १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें मृत सैनिकांच्या स्मशानभूमीवर जें अल्पसें भाषण केलें, त्यांत विनोदाचा लवलेशही नाहीं.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं, युद्ध संपत आलें असतां, लिंकन वॉशिंग्टन येथील नाटकगृहांत एक प्रहसन पाहत होता. सारें प्रेक्षागृह हसत असतां मारेकऱ्यानें त्या हशाच्या आवाजांत गोळी झाडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिंकनची प्राणज्योत मालवली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी वकील होईल, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी पेढीवर बसेल. दुसऱ्याला आपलें म्हणणें पटवून देण्याचें काम कोणालाच चुकणार नाहीं. त्या वेळीं एखादी समर्पक गोष्ट तासाभराच्या व्याख्यानाहून अधिक काम करील. पण ती सांगण्यापूर्वीं, डोळ्यांत पाणी आणून सभेंतून निघून गेलेल्या त्या टॉमसची आठवण ठेवा. वर्गांत एखाद्या सोबत्याच्या बोलण्याची किंवा चालण्याची नक्कल करण्याचा मोह झाला तरीही ठेवा. लिंकनला तें शिकण्यास एक माफी व एक तलवार लागली. तुम्हांला त्याचें चरित्र पुरेसें व्हावें, एवढीच आमची इच्छा आहे.