गाजरगवताची खाज आणि लँडस्टायनर

एनएसएसच्या शिबिरात गाजरगवत उपटलंय कधी? मग हातावर पुरळ उठलेला एखादा मित्र आठवत असेलच. आपल्या जिल्ह्यात बांधाबांधावर माजलेल्या या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका चिमुकला, की एकटा असताना आपली रोगप्रतिकारशक्ती त्याची दखलही घेत नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनाला चिकटला की शरीर त्याला शत्रू समजू लागतं. मग पुन्हा संपर्क आला की खाज सुरू! अशा रेणूंना हॅप्टेन म्हणतात. हे नाव दिलं कार्ल लँडस्टायनर यांनी. हो, रक्तगट शोधणारे तेच!

जन्म १४ जून १८६८चा, ऑस्ट्रियातला. वडील पत्रकार. कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते गेले, आईने वाढवलं. १८९१मध्ये डॉक्टर झाले, पण जीव रमला रसायनशास्त्रात. १९०१मध्ये त्यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात जगणंच मुश्किल झालं. १९१९मध्ये बायको-मुलाला घेऊन ते नेदरलँड्समधल्या हेगला गेले. पन्नाशी उलटलेला हा शास्त्रज्ञ तिथल्या एका छोट्या रुग्णालयात रोजच्या रक्त-लघवीच्या तपासण्या करत होता. तरी संशोधन सोडलं नाही. छोटी रसायनं मोठ्या प्रथिनांना जोडून ती प्राण्यांना टोचली, की शरीर त्या छोट्या रसायनाविरुद्धही प्रतिपिंडं बनवतं, हे त्यांनी दाखवलं. मोठं प्रथिन म्हणजे वाहक. त्याच्या पाठीवर बसल्याशिवाय छोट्याला कुणी विचारत नाही! हॅप्टेन ही कल्पना त्यांनी मांडली ती याच हेगमध्ये, १९२१च्या सुमारास.

पुढे ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९३०चं नोबेल मिळालं ते रक्तगटांसाठी. त्यांना स्वतःला मात्र हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटायचं. जून १९४३मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, २६ जूनला ते गेले.

त्यांचा जन्मदिवस आता जागतिक रक्तदाता दिन आहे. पण त्यांचं दुसरं कामही रोज उपयोगी पडतं. पेनिसिलीनची अॅलर्जी होते ती अशीच, औषधाचा रेणू आपल्या प्रथिनाला चिकटून. बाळांच्या पेंटाव्हॅलंट लशीतला हिबचा भागही वाहक प्रथिनाच्याच आधाराने काम करतो.

तेव्हा पुढच्या शिबिरात हातमोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट घालाच. आणि एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. रेणू छोटा असला, तरी गोष्ट छोटी नाही.