झाडं रांगेत, जंगल गायब : आल्डो लिओपोल्ड यांची गोष्ट

खानापूर-दांडेली पट्ट्यात राहणाऱ्यांना सागाची लागवड नवी नाही. एका वयाची, एका उंचीची झाडं रांगेत उभी. डोळ्याला बरं दिसतं. पण धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते, ती या रांगांत कुठून मिळणार? असाच प्रश्न १९३५ मध्ये एका अमेरिकन वनतज्ज्ञाला जर्मनीत पडला होता. त्यांचं नाव आल्डो लिओपोल्ड.

त्यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावी, मिसिसिपी नदीच्या काठावर झाला. वडिलांचा मेजं बनवायचा कारखाना, म्हणजे लाकडाचा धंदा घरातच. घराणं मूळचं जर्मन. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते सरकारी वनखात्यात लागले. नेमणूक अ‍ॅरिझोनात, काम जंगलात किती लाकूड आहे याची मोजदाद करायचं.

तिथेच त्यांनी लांडगीण मारली. मरणाऱ्या जनावराचे डोळे त्यांनी जवळून पाहिले, पण त्याचा अर्थ लागायला पुढची पस्तीस वर्षं गेली. तोवर ते लांडगे संपवा म्हणणाऱ्यांतलेच होते. लांडगे कमी झाले की हरणं वाढणार, असा साधा हिशोब. आम्हा कॉमर्सवाल्यांनाही तो पटला असता. फक्त खर्चाची बाजू त्यात कोणी लिहिलीच नव्हती.

१९१३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ते मरता मरता वाचले. १९२४ मध्ये त्यांच्या आग्रहामुळे न्यू मेक्सिकोतलं गिला जंगल रस्त्यांपासून राखून ठेवलं गेलं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले.

आणि मग १९३५ ची ती जर्मनी. वनशास्त्राचं माहेरघरच ते. आपल्याकडे १८६४ मध्ये नेमले गेलेले पहिले वन महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस हेही जर्मनच. लिओपोल्ड तिथे तीन-एक महिने फिरले. त्यांना दिसलं ते असं : मिश्र जंगल काढून मैलोन् मैल स्प्रूस लावलेला, कारण लाकूड लवकर हाती येतं आणि पैसा बरा सुटतो. पहिल्या पिढीला उत्पन्न चांगलं आलं. पुढच्या पिढ्यांत सुईसारख्या पानांचा थर साचून जमीन आंबट झाली आणि वाढ मंदावली. लांडगे, अस्वलं कधीच संपलेली. शिकारीसाठी जपलेल्या हरणांना हिवाळ्यात चारा घालायचा, आणि तीच हरणं रुंद पानांच्या झाडांचा प्रत्येक कोंब खाऊन टाकायची. खाली झुडूप नाही, त्यामुळे झुडपात राहणारं काही नाही. वाळकी, पोकळ झाडं साफ केलेली, म्हणून पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या टांगायची वेळ आलेली. चूक उमगलेले तिथले काही वनाधिकारी पुन्हा मिश्र जंगल लावू बघत होते, पण हरणांपायी कुंपणाशिवाय रोप जगत नव्हतं. लावलेलं सगळं हिरवंगार, आणि तरी आत जंगल नाही.

त्याच वर्षी त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ओसाड पडलेलं शेत घेतलं होतं. जुनं खुराडं दुरुस्त करून तेच सुट्टीचं घर केलं. बायको एस्टेला आणि पाच मुलांना घेऊन ते दर वसंतात रोपं लावायचे. सुरुवातीची बरीचशी पाइनची रोपं दुष्काळात वाळली, पुन्हा लावली. पाइनबरोबर इतर झाडं, झुडपं, रानगवतही लावलं. वनखात्यात हिशोब केलेल्या माणसाने नफ्या-तोट्याचा विचार न करता केलेली ही लागवड, म्हणून मला ती मोठी वाटते.

१९४३ मध्ये ते राज्याच्या संवर्धन आयोगावर गेले. तिथेही हरणं वाढून जंगल खात होती. संख्या कमी करायला माद्यांच्याही शिकारीला परवानगी द्या, असं त्यांनी लावून धरलं. त्या हंगामात परवानगी मिळाली आणि लोक भडकले, छापून टीका झाली. ते मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या जुन्या लांडगिणीवर लेख लिहिला, आणि आपण चुकलो होतो हे कबूल केलं.

एप्रिल १९४८ मध्ये त्यांच्या निबंधांचं पुस्तक छापायला प्रकाशक तयार झाल्याचा निरोप आला. त्यानंतर आठवड्याभरात, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतातला गवताचा वणवा विझवताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ६१. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. शेतावरचे पाइन तेव्हा तेरा वर्षांचेही नव्हते.