खोली, जात आणि बाबुराव बागूल

गेल्या दिवाळीत कर्जतच्या आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाची पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली. विहारात पेढे वाटले, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. आनंद खराच होता. पण कथेतल्या नायकाला आडनाव नव्हतं. मुद्दाम गाळलं होतं. आडनाव दिसलं की कथा 'त्यांची' ठरते, अशी त्याला भीती होती. त्याच महिन्यात त्याचा मित्र खोपोलीत कारखान्याजवळ खोली शोधत होता आणि घरमालकांना नुसतं पहिलं नाव सांगत होता. आम्ही दोघांनाही बाबुराव बागूल वाचायला दिले.

बाबुरावांचा जन्म १७ जुलै १९३० चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. दहाव्या वर्षी ते मुंबईला मावशीकडे आले, माटुंगा लेबर कॅम्पात. तिथे बाबासाहेबांची चळवळ होती आणि लाल बावटाही होता. बाबुरावांनी दोन्हीकडून घेतलं. पुढेही त्यांनी बाबासाहेब आणि मार्क्स यांच्यातला एकच निवडा हा हट्ट मानला नाही. आपल्यातल्या काहींना ते आजही खटकतं. आम्हाला ते त्यांचं बळ वाटतं.

मिळेल ते अंगमेहनतीचं काम करत ते लिहीत होते. रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतेला गेले, तर जात कळल्यावर भाड्याने खोली मिळेना. शेवटी जात लपवून राहावं लागलं. हे सोसवेना, म्हणून ते नोकरी सोडून परतले. कर्जतहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या आमच्या पोरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

त्यातून 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली. त्याआधी त्यांच्या काही कथा मासिकांतून येऊन वाचकांच्या नजरेत भरल्या होत्याच, पण १९६३ साली याच नावाचा संग्रह निघाला आणि मराठी कथेत खळबळ उडाली. नायक शिकलेला, कविता करणारा. घरमालक त्याला मान देतात, पण जात उघडी पडल्यावर त्याला बेदम मार बसतो. याच कथेत काशीनाथही आहे, जात न लपवणारा, प्रत्येक अपमानाला भिडणारा. दोघांतला खरा कोण, यावर आमच्या वर्गात दोन रविवार वाद चालला. मुली बहुतेक काशीनाथच्या बाजूच्या होत्या.

१९६८ नंतर बाबुराव पूर्णवेळ लेखनाकडे वळले. १९६९ साली 'मरण स्वस्त होत आहे' हा दुसरा संग्रह आला आणि १९७० मध्ये त्याला महाराष्ट्र शासनाचा हरि नारायण आपटे पुरस्कार मिळाला. झोपडपट्टी, वेश्यावस्ती, गुंड, भुकेली बाई या जगाला सरकारी बक्षीस मिळालं, पण त्यासाठी त्यांनी भाषा सौम्य केली नव्हती, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्यांची 'आई' ही कथा तर वर्गात मोठ्याने वाचताना मध्येच थांबावं लागलं. शाळेत आईची थोरवी शिकवली जाते आणि त्याच मुलाच्या आईबद्दल वस्ती नको ते बोलते, असा तो पेच.

१९७२ साली ते महाडला दलित साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. ज्या गावात १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह झाला, तिथे साहित्यातल्या माणुसकीचा प्रश्न मांडला गेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिथल्या तरुण लेखकांना बाबुराव वडीलधारे होते.

मोठा सन्मान उशिराच आला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना २००७ मध्ये मिळाला आणि २६ मार्च २००८ रोजी नाशिकला ते गेले. जेरी पिंटो यांच्या अनुवादातून त्यांचा पहिला संग्रह इंग्रजीत येईपर्यंत २०१८ उजाडलं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने मात्र त्यांच्या नावाने नवोदित कथाकाराच्या पहिल्या पुस्तकासाठी पुरस्कार सुरू केला.

आमच्या मित्राचं पुस्तक अजून फार लांब आहे. गेल्या रविवारी त्याने दुसऱ्या कथेचा कच्चा खर्डा वाचला. नायक खोपोलीत खोली मागायला जातो आणि दारातच पूर्ण नाव सांगतो. शेवट अजून जमलेला नाही, असं आमच्यातल्या दोघींचं मत पडलं. तो पुन्हा लिहितोय.